खोली कुणाची होती?

‘मेटलला जात नसते.’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका कॉलेज फेस्टिव्हलच्या बॅकस्टेजला. म्हणणारा मुलगा वाईट नव्हता. त्यानं आधी माझं आडनाव विचारलं, मग ‘अच्छा’ म्हणाला, मग ‘तुमच्यात गाणं रक्तातच असतं ना, शाहिरी वगैरे’ असं कौतुक केलं. मी गप्प झाले हे पाहून त्यानं घाईघाईनं ते वाक्य जोडलं. शाहिरीची मला लाज नाही. माझ्या आजोबांनी वामनदादा कर्डकांना समोर बसून ऐकलंय आणि त्या रात्रीची गोष्ट आमच्या घरात आजही दर जयंतीला निघते. पण मी त्या मुलाला शाहिरीबद्दल काहीच विचारलं नव्हतं. तुमच्या बँडला आवाज हवाय का, एवढंच विचारलं होतं, कारण मला ग्रोल करता येतं. ग्रोल म्हणजे घशाच्या तळातून काढलेला, गुरगुरल्यासारखा तो मेटलचा आवाज. बाईनं काढला की लोक दोनदा वळून बघतात.

या गोष्टीला आता सातेक वर्षं झाली. ती पुन्हा आठवली याचं कारण गेल्या महिन्यातलं एक चर्चासत्र. विषय होता तंत्रज्ञान आणि संस्कृती. एका वक्त्यानं भारतातल्या प्रोग्रेसिव्ह मेटलचं उदाहरण दिलं. म्हणाले, बघा, इथे ना घराणं लागतं, ना गुरू, ना ओळख. एक मुलगा आपल्या बेडरूममध्ये बसतो, कॉम्प्युटरवर अल्बम बनवतो आणि थेट इंग्लंडची कंपनी तो काढते. निव्वळ गुणवत्ता. त्यांनी नाव घेतलं स्कायहार्बरच्या पहिल्या अल्बमचं, आणि मी वहीत फक्त एक शब्द लिहून त्याखाली रेघ मारली: बेडरूम.

तो अल्बम मला पाठ आहे. ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज: इल्युजन अँड केऑस’. २०१२च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या बेसिक रेकॉर्ड्सनं काढलेला. मूळ प्रकल्प दिल्लीच्या केशव धर या गिटारवादकाचा, घरच्या स्टुडिओत उभा राहिलेला. अल्बमचे दोन भाग आहेत. ‘इल्युजन’मध्ये इंग्लंडचा डॅनियल टॉम्पकिन्स गातो, स्वच्छ, उंच, जवळजवळ हळव्या आवाजात. ‘केऑस’मध्ये मुंबईच्या भयानक मौतचा सुनीथ रेवणकर किंचाळतो. ड्रम वाजवणारा अमेरिकेत. ‘कॅथार्सिस’ या गाण्यात मेगाडेथचा माजी गिटारवादक मार्टी फ्रीडमन येऊन सोलो वाजवून जातो, तोही जपानमध्ये स्थायिक झालेला. चार देशांतली माणसं, फाइली इंटरनेटवरून ये-जा करणाऱ्या, आणि त्यातून तयार झालेला हा धबधबा. खाली उतरवलेल्या तारांवर तळहाताची कड दाबून वाजवलेला तो ‘जेंट जेंट’ आवाज, ज्यावरून या सगळ्या शैलीचं नावच पडलंय, आणि त्याच्या वर पाण्यावरच्या उजेडासारखे तरंगणारे सूर. ‘मेवा’ लागलं की मी आजही हातातलं काम ठेवते. हे आधीच सांगितलं, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की हिला मेटल कळत नाही म्हणून ही चिडलीये. मला कळतं. म्हणूनच चिडलेय.

आणखी एक आधीच सांगते. या कलाकारांपैकी कुणाची जात कोणती ते मला माहीत नाही. आडनावावरून अंदाज बांधायचा खेळ मी इथे खेळणार नाही. तो माझ्याशी पुरेसा खेळून झालाय. त्यांच्या मेहनतीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या मेहनतीची गोष्ट ज्या पद्धतीनं सांगितली जाते त्यावर, आणि त्या गोष्टीतून जे काढून टाकलं जातं त्यावर.

काढून टाकली जाते ती खोली.

बेडरूममध्ये अल्बम करायला आधी बेडरूम लागते. स्वतःची, दार लावता येणारी, जिथे रात्री दोन वाजता तुम्ही एकच चार मात्रांचा तुकडा साठ वेळा वाजवलात तरी कुणी उठून थोबाडीत मारणार नाही अशी. २०११च्या जनगणनेनुसार या देशातल्या ३७.१ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती आणि ३.९ टक्के कुटुंबांकडे स्वतंत्र अशी एकही नव्हती. घरात इंटरनेट असलेली कुटुंबं होती ३.१ टक्के. अल्बम आला त्याच्या आदल्या वर्षीचे हे आकडे. म्हणजे ज्या स्पर्धेत ‘फक्त गुणवत्ता’ जिंकली असं वक्ते म्हणत होते, त्या स्पर्धेच्या मैदानात देशातली शंभरातली तीन घरं उभी होती. त्या तीन घरांत कोण राहत होतं हे समाजशास्त्रात एम.ए. न करताही सांगता येईल.

आमचं घर चेंबूरला पी. एल. लोखंडे मार्गावरच्या वस्तीत. (नावातच लोखंड आहे, त्यामुळे मेटलवर माझा हक्क जन्मसिद्ध, असा विनोद मी अकरावीत असताना करायचे.) खोली दहा बाय बारा, माणसं पाच. वडील सिक्युरिटीत, बहुतेक वेळा रात्रपाळी. म्हणजे दिवसा घरात चिडीचूप, कारण बाबा झोपलेत. रात्री चिडीचूप, कारण आजी झोपलीये आणि शेजारच्या पत्र्याला कान आहेत. हा अल्बम मी २०१४ साली ऐकला, मावसभावाच्या मेमरी कार्डवरून, तोही अर्धाच. ‘केऑस’चा भाग पहिल्यांदा हाती लागायला आणखी एक वर्ष गेलं. ग्रोल शिकले तो कुर्ल्याच्या बाजूच्या पादचारी पुलावर. मालगाडी खालून जायला लागली की मिनिटभर मिळायचं. तेवढ्यात ओरडून घ्यायचं. गाडी छोटी असली तर राग यायचा. गिटार माझ्याकडे कधीच नव्हती. भावाला एक जुनी मिळाली होती. ती पलंगाखाली असायची आणि पलंगावर आजी. माझ्या घरात खोली असती तर तीही भावाचीच झाली असती, हे मी जाणून आहे. तो वेगळा लेख आहे आणि तो मी आईला विचारून लिहीन.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना इथे परळची डबक चाळ आठवली असेल. एकच खोली. सुभेदार रामजी पोराला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो ती बापाच्या मायेची आणि मुलाच्या जिद्दीची म्हणून. मी ती आता जागेच्या हिशोबाची म्हणूनही वाचते. एक माणूस आडवा होईल एवढी जागा, तिच्या दोन पाळ्या. त्या पाळीत पुस्तक वाचता येतं. पुस्तक आवाज करत नाही. ड्रम करतो.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: अगं, आता सगळं स्वस्त झालंय. मोबाइलवर अख्खा स्टुडिओ येतो, अॅम्प्लिफायरचा आवाज सॉफ्टवेअर काढतं, हेडफोन लावला की शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. यात खरं किती आहे ते मला माहीत आहे, कारण मी तेच वापरते. यंत्र स्वस्त झालं. जागा झाली नाही, मुंबईत तर उलटच झालं. वेळही झाला नाही. प्रोग्रेसिव्ह मेटल ही काही तीन सुरांवर निभणारी गोष्ट नाही. सात-आठ तारांची गिटार, सात मात्रांतून अकरा मात्रांत उडी, पायात दोन पेडल. हे हातात बसायला रोजचे तास लागतात, आणि ते तास असे हवेत की त्यांतून पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. माझ्या वस्तीतल्या विशीतल्या मुलांकडे रिकामे तास नाहीत असं नाही. आहेत. पण ते बेकारीचे असतात. कुणी हाक मारेल, कुठेतरी दिवसभराचं काम निघेल, म्हणून कान रस्त्याकडे लावून काढलेले. त्या तासांत मेट्रोनोम लावून बसता येत नाही. आणि गळा? गळ्याला हेडफोन नसतो. ग्रोल मोबाइलमध्ये करता येत नाही, ते करायला मालगाडीच लागते.

गंमत अशी की हे संगीत मुळात खोली नसलेल्यांचं आहे. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १९७० साली आला, बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातल्या कामगारांच्या पोरांनी केलेला. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली तुटली. त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, ती बोटांवर चढवून वाजवला, पुढे तारा ढिल्या केल्या, आणि त्या ढिल्या तारांच्या जड आवाजातून पुढचं सगळं घराणं निघालं. स्कायहार्बरच्या त्या खाली उतरवलेल्या तारांचा वंश शेवटी एका कापलेल्या बोटापाशी जातो. कारखान्याचं संगीत आपल्याकडे आलं तेव्हा मात्र त्यानं कारखान्याकडे पाहिलंच नाही. ते उतरलं कॉन्व्हेंट शाळांत, आयआयटींत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत. मूड इंडिगोची ‘लाइव्हवायर’ ही बँडस्पर्धा जिंकणं हा बराच काळ या देशात बँड म्हणून जगण्याचा एक रस्ता होता. त्या स्पर्धेचा दरवाजा कुणी मुद्दाम बंद केला असं मी म्हणत नाही. दरवाजापर्यंत यायला जेईई पास झालेला मित्र लागत होता, इतकंच.

मुंबईत एक काळ धोबी तलावचं रंगभवन होतं. उघड्यावर, गावाच्या मध्यभागी, लोकलनं येऊन लोकलनं जाता येईल असं. इंडिपेंडन्स रॉक तिथे भरायचं. आमच्याकडचे एक काका तिथे गेटवर असायचे, त्यांना आयर्न मेडनचे टी-शर्ट घातलेली पोरं आठवतात, ‘केस लांब पण वागायला सज्जन’. मग रुग्णालयांपासून आणि शिक्षणसंस्थांपासून शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आलं आणि तिथला आवाज बंद झाला. जुने मेटलवाले आजही त्याबद्दल हळहळतात. त्यांची हळहळ मला पटते. पण त्यांतलेच काही १४ एप्रिलच्या आसपास काय लिहितात ते मी दरवर्षी वाचते. डीजे, गोंगाट, ध्वनिप्रदूषण, ‘यांना संगीत कळतं का’. छातीत धडकणारा बास हा ज्यांचा धर्म आहे, जे ‘वाजवा, अजून जोरात वाजवा’ असे टी-शर्ट घालून फिरतात, त्यांना आमच्या बेंजोच्या गाडीचा आवाज मात्र डेसिबलमध्ये मोजावासा वाटतो. वर्षभर दबलेल्या आवाजात बोलणारी वस्ती एक रात्र मोठ्यानं वाजवते. यापेक्षा जास्त मेटल काय असतं, मला सांगा.

आणि ते पाखंड. मेटल म्हणजे बंड, देवाधर्माविरुद्ध, सत्तेविरुद्ध, असं म्हणतात. नॉर्वेतल्या पोरांनी चर्चविरुद्ध लिहिलं, ते त्यांच्या गावचं चर्च होतं. आपल्याकडच्या कित्येक बँडांनी ते जसंच्या तसं उचललं. उलटे क्रॉस, सैतान, जळतं चर्च. दिल्ली-मुंबई-बंगळूरमध्ये राहून ख्रिस्ताला शिव्या देण्यात धोका काय आहे? ज्या धर्मव्यवस्थेनं तुमच्या स्वयंपाकघरात कुणी यायचं ते ठरवलं, तिच्याबद्दल एक ओळ लिहून बघा. कोलकात्याच्या हीदन बीस्टसारखे अपवाद आहेत, आणि त्यांनी स्वतःची खरी नावं लपवून ठेवली आहेत, यावरून धोका कुठे आहे ते कळतंच. उलट सिंगापूरच्या रुद्र या बँडनं ‘वैदिक मेटल’ अशी शैलीच काढली आणि २००१च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं नाव होतं ‘द आर्यन क्रूसेड’. तो शब्द आम्ही वेगळ्या अर्थानं घेतो, असं म्हणता येईल. घ्या. आमच्या कानात तो कसा वाजतो ते तरी एकदा विचारा.

स्कायहार्बरच्या अल्बममध्ये यातलं काही नाही. तो अंतर्मुख आहे, आतल्या आकाशाबद्दलचा आहे, आणि कुठल्याही कलाकारानं जातीवरच गायला पाहिजे असा फतवा काढणारी मी कोण. मला प्रश्न पडतो तो ऐकणाऱ्यांबद्दल. एखाद्या बँडनं कर्नाटक संगीतातला तालाचा हिशोब मेटलमध्ये आणला की समीक्षक ‘भारतीय बुद्धिमत्ता’ म्हणून उभे राहतात. हलगीवाला लग्नाच्या वरातीपुढे, चालता चालता, कागदावर न लिहिता जे तोडे घेतो, ते कुणी मोजत नाही. टी. एम. कृष्णा यांनी २०२०मध्ये मृदंग बनवणाऱ्यांवर ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्या पवित्र वाद्यासाठी गाईचं कातडं कमावणारे, ताणणारे, सुरात आणणारे हात बहुतेक दलित ख्रिश्चनांचे, हे त्यात होतं. चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी काढून घेतली. पुन्हा जागाच.

आता थोडं आपल्या लोकांशी. कारण मला दोन्हीकडून ऐकावं लागतं. तिकडचे म्हणतात तुमच्यात शाहिरी असते, इकडचे म्हणतात हे गोऱ्यांचं, बामणांच्या पोरांचं थेर तुला कशाला. एका शिबिरात माझ्या टी-शर्टवरून एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी दहा मिनिटं घेतली. हलगी आपली, पोवाडा आपला, गिटार त्यांची. मी त्यांना म्हणाले, सर, हार्मोनियम कुणाची होती? ती युरोपातून आली, आणि भीमगीतांनी ती अशी घेतली की आज तिच्याशिवाय जयंती सुनी वाटते. बेंजो जपानहून आला. आपण वाद्यांची जात कधी पाहिली?

१९७२ साली आपल्या लोकांनी अमेरिकेकडे बघून ब्लॅक पँथरवरून दलित पँथर घेतली. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांनी ब्लॅक रॉक कोअलिशन उभी केली. रॉक हे काळ्यांनी जन्माला घातलं आणि आता कंपन्या काळ्यांना म्हणतात की तुम्ही रॉक वाजवू नका, तुमचं ते तुमच्यापुरतं गा. हे आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी मांडलं. तीन वर्षांनी रीडच्या लिव्हिंग कलर या बँडचा ‘व्हिव्हिड’ हा पहिला अल्बम आला आणि रेडिओला, टीव्हीला तो वाजवावा लागला. त्याकडे मात्र आपलं लक्ष गेलं नाही. पुढे २००९मध्ये नायजेरियन आईवडिलांचा मुलगा टोसिन अबासी अॅनिमल्स अॅज लीडर्स हा अल्बम घेऊन येतो आणि या शैलीतले गिटारवाले त्याची बोटं बघून आपली बोटं शिकतात. बेडरूमचीच पद्धत, ड्रमही कॉम्प्युटरवर रचलेले. पण त्याच्या मागे त्याच्या रंगाच्या माणसांनी हक्कानं मोठ्यानं वाजवलेली चाळीस-पन्नास वर्षं होती.

आपल्याकडे २०१८च्या जानेवारीत चेन्नईत द कास्टलेस कलेक्टिव्ह स्टेजवर आलं. पा. रंजित यांनी माणसं गोळा केली, तेनमा यांनी संगीत बांधलं. गाना गाणारे, परै वाजवणारे, रॅप करणारे आणि इलेक्ट्रिक गिटारवाले एका रांगेत. नाव अयोती दासांच्या शब्दावरून. मला त्यात आवाजाइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कुणीतरी एकोणीस माणसांना एकत्र सराव करायला जागा दिली होती. त्यांच्यातल्या कुणा एकट्याच्या बेडरूमवर ते अवलंबून नव्हतं. ‘बेडरूममधला एकटा प्रतिभावंत’ या गोष्टीला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

म्हणून मी गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीकडे अर्ज दिला. विहाराच्या वर अभ्यासिका आहे, वीस बाय तीस, पंखे चांगले. आम्ही चौघं आहोत. मी, रिक्षा चालवणारा एक ड्रमर, जो सध्या प्लास्टिकच्या बादल्यांवर डबल बास करतो, बँकेत लागलेला एक गिटारवाला आणि त्याची बहीण, जिला सात मात्रांपलीकडचं काहीही आवडतं. आठवड्यातून दोन रात्री, साडेनऊ ते अकरा, अभ्यास करणारी मुलं गेल्यावर. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर आवाज अडतो असं म्हणतात. फारसा अडत नाही, जुन्या गाद्या बऱ्या. त्या आम्ही गोळा करू, असंही अर्जात लिहिलं.

सचिवकाकांनी अर्ज दोनदा वाचला. ‘मेटल म्हणजे काय गं बाळा, भांडीबिंडी वाजवणार का?’ म्हणाले. मी मोबाइलवर ‘मेवा’ लावलं. टॉम्पकिन्सचा आवाज आला तेव्हा मान हलवली, गिटार पडली तेव्हा चष्मा काढला. शेवटपर्यंत ऐकलं मात्र. मग म्हणाले, ‘आवाजाचं काय करायचं?’ मी म्हणाले, काका, जयंतीच्या डीजेला विचारता का? ते हसले. ‘दहावी-बारावीच्या परीक्षा होऊ दे मुलांच्या,’ म्हणाले. ‘मग बघू. बादल्या मात्र विहारात नको. खरा ड्रम आण, मीटिंगमध्ये वर्गणीचा विषय घेतो.’

परीक्षा मार्चअखेर संपतात. तोवर पूल आहे.